लिस्बनच्या दप्तरखान्यांतील संशोधन आणि शेंगेन व्हिसाचे दिवस

मराठे-पोर्तुगीज संबंधांच्या अभ्यासकाला पणजीच्या पुराभिलेखागारात विपुल सामग्री मिळते. परंतु तेवढ्यावर त्याचे भागत नाही. मोसमी जहाजांबरोबर गोवा व पोर्तुगाल यांच्या दरम्यान जो पत्रव्यवहार होई, त्याचे काही खंड पणजीत तर काही लिस्बनच्या तोर्रे दो तोंबू या अभिलेखागारात आहेत. लिस्बनला जावयाचे ठरले, की प्रश्न येतो तो व्हिसाचा. आणि त्यात कागदपत्रांपेक्षा दिवसांचा हिशेब अधिक घोटाळ्याचा असतो.

शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. हे १८० दिवस पंचांगातील सहामाही नव्हेत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून मोजावयाचे आहेत. येण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस हिशेबात धरले जातात. समजा, एखादा संशोधक १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस लिस्बनमध्ये राहिला आणि १ जुलैला पॅरिसमधील हस्तलिखिते पाहण्यास गेला. पॅरिसही त्याच क्षेत्रात असल्याने त्याच्यापाशी ३० दिवसच उरतात, आणि ३० जुलैला ते संपतात. त्यानंतर १ मार्चचा दिवस गणनेतून गळेपर्यंत, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत, त्याला पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. शिवाय व्हिसावर वैधतेच्या तारखा व मुक्कामाचे दिवस निरनिराळे लिहिलेले असतात. तारखा तीन महिन्यांच्या असल्या तरी दिवस ४५ लिहिले असतील, तर राहण्याचा अधिकार ४५ दिवसांचाच. सीमेवरील नोंद शिक्क्याऐवजी संगणकात घेण्यास १२ ऑक्टोबर २०२५ रोजी आरंभ झाला असल्याने एका दिवसाची चूकही आता नजरेआड होण्याचा संभव थोडा.

दुसरी अडचण लंडनची. लिस्बनचे काम मध्येच ठेवून ब्रिटिश लायब्ररीतील कागद पाहावेत, हा मोह स्वाभाविक आहे. परंतु ब्रिटन शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने त्याचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला जाताच तो संपतो. परत येणे असल्यास अर्जातच अनेक प्रवेशांची मागणी सकारण करावी.

अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयास सामान्यतः १५ दिवस, क्वचित ४५ दिवस लागतात. म्हणून पंधरवड्यावर विसंबणे धोक्याचे. पारपत्र गेल्या दहा वर्षांतले, परतीनंतर किमान तीन महिने वैध व दोन कोरी पाने असलेले हवे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. निमंत्रणपत्र, निवासाची सोय, निर्वाहाची तरतूद आणि विभागाचे रजेचे पत्र ही इतर कागदपत्रे. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर पुष्कळदा आडनाव आधी छापलेले असते. निमंत्रणपत्र, विमा व तिकीट यांवर मात्र नाव पारपत्राप्रमाणेच असावे. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकांनी हे विशेष पाहावे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश निश्चित झाला, असे नाही. सीमेवरचा अधिकारी हीच कागदपत्रे पुन्हा मागू शकतो. ती सामानात न टाकता हाताशी ठेवावीत. ९० दिवसांत काम उरकणार नसेल, तर पोर्तुगालचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा निघण्यापूर्वी भारतातूनच काढावा.