गोठ्याच्या माळ्यावरचा खजिना

"बाई, आमच्या गोठ्याच्या माळ्यावर खजिना सापडलाय!"

चौथीतला एक मुलगा धापा टाकतच वर्गात शिरला. त्याच्या घरी जुना गोठा पाडायचं काम निघालं होतं. माळ्यावरच्या पेंढ्याखाली तीन वस्तू मिळाल्या. एक दुरंगी बरणी, एक तपकिरी बाटली आणि एक मोठा काळपट सट. दारावर आलेला भंगारवाला म्हणाला, "तिन्हींचे मिळून पन्नास रुपये." शेजारचे काका म्हणाले, "छे! शिवकालीन आहेत. लाखाला जातील!" नव्या गोठ्याच्या पत्र्यांसाठी पैसे हवेच होते. मुलाच्या बाबांचे डोळे चमकले.

खरं कुणाचं? संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

मुलांनो, अशा भांड्यांना आपण सरसकट 'चिनी माती' म्हणतो. पण खऱ्या चिनी मातीचा पातळ कप उजेडासमोर धरला, तर त्यातून थोडा प्रकाश दिसतो. बरणीतून मुळीच दिसत नाही. ती जाड आणि दगडासारखी टणक असते. म्हणून इंग्रजीत तिला 'स्टोनवेअर' म्हणतात. आपला माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार होतं. बरणी मात्र सुमारे १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात. तेव्हा मातीचे कण वितळून एकमेकांना घट्ट चिकटतात. मग मीठ, आंबट, तेल काहीच पाझरत नाही. लोणचं वर्षभर टिकतं ते यामुळेच!

आम्ही बरणी उलटी केली. बुडावर पुसट शिक्का होता. भिंगातून एकच शब्द लागला, 'इंडिया'. झालं! शिवाजी महाराजांच्या काळात इंग्रजी अक्षरांत असा शिक्का कोण मारणार? वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरा, हा दुरंगी थाटही तेवढा जुना नाही. असा लेप १८३५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात निघाला.

आता बाटली. तिच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे होते. ही मिठाची करामत बरं का! भट्टी लालभडक झाली की तिच्यात मीठ टाकत. मिठाची वाफ मातीतल्या वाळूशी मिळून काचेसारखा थर बसे. बाटलीच्या खालच्या बाजूला छाप होता, 'जे. बोर्न अँड सन, डेन्बी'. डेन्बी हे इंग्लंडमधलं गाव. तोंडाला ओतायची चोच होती. म्हणजे ही शाईची बाटली!

छाप वाचायची एक युक्ती सांगते. परदेशी मालावर देशाचं नाव असावं, असा नियम अमेरिकेने १८९१ पासून लागू केला. म्हणून भांड्यावर 'इंग्लंड' शब्द असेल, तर ते बहुधा त्यानंतरचं असतं.

"मग किंमत किती?" बाबांनी विचारलं. खरं सांगणं भाग होतं. अशा बाटल्या त्या काळी ढिगांनी बनल्या. जुनं म्हणजे महाग असं नसतं. वस्तू किती दुर्मीळ आहे, छाप स्पष्ट आहे का, झाकण मूळचं आहे का, टवका उडालाय का, यावर भाव ठरतो. लाख काही मिळणार नव्हते. बाबा गप्प झाले. मलाही वाईट वाटलं.

तेवढ्यात आजी पुढे आल्या. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "मामंजी शाळेत मास्तर होते. याच बाटलीतून पोरांच्या दौती भरायचे." हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं! बाबांनी बाटली हळूच पुसली आणि कपाटात ठेवली.

बरणीवर आजींनी टिचकी मारली. टण्ण! आवाज बद्द आला असता तर तडा समजायचा. मग ती पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद कोरडा! यंदा तिच्यात लोणचं पडलं, वर पांढरा दादराही बसला. सटात मात्र काही घालू दिलं नाही. अशा भांड्यांत पूर्वी ॲसिडही ठेवत. आधी काय होतं हे ठाऊक नसेल, तर त्यात खायचं काही ठेवू नये.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंय? दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू केळकरांनी आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला दिल्या. इतरांनी अडगळ म्हटलेलं त्यांनी जपलं.

तुमच्या माळ्यावर काही सापडलं, तर घासूनपुसून छाप घालवू नका. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्यांची आठवण वहीत लिहून ठेवा. जमिनीत पुरलेलं काही मौल्यवान मिळालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू १९७२ च्या कायद्यामुळे कुणालाही परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत.

आणि हो, भंगारवाला पुन्हा आला होता. या वेळी शंभर रुपये म्हणाला. माझा विद्यार्थी ऐटीत म्हणाला, "ही आमच्या पणजोबांची शाई आहे. विकायची नाही!"