विनावापर कोडची साफसफाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोली एमआयडीसीतील मशीनशॉपमध्ये फौंड्रीच्या कास्टिंगवर काम करणारी सीएनसी यंत्रे सॉफ्टवेअरच्या आज्ञेवर चालतात. अशी यंत्रे चालवणारी ‘लिनक्ससीएनसी’ ही प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. असे प्रकल्प अनेकांच्या हातून वर्षानुवर्षे वाढत असल्याने, ज्याचा उपयोग संपला आहे असा कोड त्यांत साचत जातो आणि त्याच्याविषयीचे गैरसमजही टिकून राहतात.

पडून असलेला कोड कोणाचे काही बिघडवत नाही, हा त्यांपैकी सर्वांत घातक समज होय. बंद झालेल्या जॉबचा लाकडी पॅटर्न फौंड्रीच्या कोपऱ्यात केवळ जागा अडवतो. कोड मात्र प्रत्येक बदलाच्या वेळी वाचावा, तपासावा आणि जुळवून घ्यावा लागतो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, कारण एरियान-४ साठी लिहिलेली आणि नव्या बाणाला उड्डाणानंतर निरुपयोगी असलेली एक गणना चालूच राहिली व तिच्यातील एक संख्या ठरलेल्या जागेत मावली नाही. ते सॉफ्टवेअर मुक्त स्रोत नव्हते, पण धडा तोच आहे. २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या मुक्त स्रोत सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आल्यावर ‘ओपनबीएसडी’ या मुक्त स्रोत कार्यप्रणालीच्या विकासकांनी त्याची स्वतंत्र आवृत्ती काढली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यातून ९०,००० हून अधिक ओळी वगळल्या.

काढलेला कोड कायमचा गमावला जातो, ही भीतीही निराधार आहे. २००५ पासून उपलब्ध असलेल्या ‘गिट’सारख्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि गरज पडल्यास जुना भाग परत आणता येतो.

याच्या उलट टोकाचा समज असा की, तपासणी-साधनाने ‘विनावापर’ ठरवलेला कोड बेधडक काढावा. साधनाला प्रकल्पाच्या आतले तेवढेच दिसते. लिनक्ससीएनसीत मोटर, सेन्सर आणि कार्ड यांची जोडणी वापरकर्ता आपल्या यंत्रावरील एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहितो आणि त्या फाइलीतून हवे ते घटक नावाने बोलावतो. त्यामुळे मूळ कोडमध्ये ज्याला कोणीही बोलावत नाही, असा घटक एखाद्या कारखान्यात रोज तीन पाळ्या राबत असू शकतो. म्हणूनच, असा भाग लवकरच वगळला जाणार आहे हे आधी जाहीर करून, वापरकर्त्यांना हरकत घेण्यास पुरेसा अवधी देऊन मगच तो काढणे योग्य ठरते. मात्र उपयोग संपल्यावर अगदी मूळचा भागही काढता येतो: ‘लिनक्स’ या मुक्त स्रोत कार्यप्रणालीचा जन्म ज्या ३८६ प्रोसेसरवर झाला, त्याचाही आधार तिच्या २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला.

जुन्या यंत्राला पॅरलल पोर्टमार्फत संगणक जोडून मुक्त स्रोत प्रणालीवर काम घेणाऱ्या कारखानदाराने आपण कोणता घटक वापरतो हे विकासकांना अवश्य कळवावे, कारण ती माहिती त्यांना कोडमधून मिळू शकत नाही.