लिंक्डइनला बगल देऊन

लिंक्डइन उघडले की नोकरी शोधणे हीच एक पूर्णवेळ नोकरी वाटू लागते. फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी, दर चार दिवसांनी एखादी प्रेरणादायी पोस्ट, अनोळखी एचआरला कनेक्टची विनंती आणि मग ‘इझी अप्लाय’चे बटण. ते बटण सगळ्यांनाच सोपे असल्यामुळे एकेका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो. 2003 मध्ये सुरू झालेली आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने 26.2 अब्ज डॉलरना घेतलेली ही साइट अगदीच कुचकामी आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण पुण्यात काम मिळण्याच्या वाटा तिच्याहून जुन्या आहेत, आणि कोणती वाट धरायची हे तुमचे काम काय आहे त्यावर ठरते.

ओळखीने नोकरी लागली म्हटले की आपण नाक मुरडतो. ओळख म्हणजे वशिला, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये वेगळेच चित्र मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, ज्याच्याकडून कळले त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? नेहमी भेटणाऱ्याचे नाव घेणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याने सांगितले होते. उघड आहे. कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या रूम पार्टनरला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊकच असते. हिंजवडीत चार वर्षे काढलेल्या सीनियरला मात्र त्याच्या कंपनीत कोणती जागा निघाली आहे, हे जाहिरात यायच्या आधी कळते.

आयटी कंपन्यांत याची रीतसर सोय आहे: रेफरल. शिफारस केलेला उमेदवार रुजू झाला की अनेक कंपन्या शिफारस करणाऱ्याला बोनसही देतात, त्यामुळे विचारण्यात लाज वाटायचे कारण नाही. फक्त नीट विचारावे. ‘काही असेल तर सांगा’ या मेसेजला उत्तर काय देणार? त्यापेक्षा असे लिहावे: “दादा नमस्कार, मी आपल्याच कॉलेजचा, तुमच्यानंतर तीन वर्षांनी. तुमच्या कंपनीत टेस्टिंगची जागा आहे, जॉब आयडी खाली दिलाय. दोन वर्षे पेमेंट अॅपचं टेस्टिंग केलंय. रेझ्युमे जोडलाय. रेफर करता येईल का?” समोरच्याला हे जसेच्या तसे पुढे पाठवता येते.

ज्यांचे काम दाखवता येते, त्यांनी ते दाखवावे. प्रोग्रामरसाठी गिटहब आहे, डिझायनरसाठी बिहान्स. (गिटहबही 2018 पासून मायक्रोसॉफ्टचेच, मालकापासून सुटका नाही!) पुण्यातच सुरू झालेले कटशॉर्ट तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर भर देते. पण मला सर्वांत भरवशाचे वाटतात ते शनिवार-रविवारी जमणारे तंत्रज्ञांचे गट. लिनक्स आणि पायथनवाल्यांची पुण्यात जुनी परंपरा आहे. पायकॉन इंडिया ही देशपातळीवरची परिषद 2011 मध्ये पुण्यातच भरली होती. अशा ठिकाणी नुसते बसून येऊ नये. दहा मिनिटे का होईना, केलेल्या कामावर बोलावे. बोलणारा लोकांच्या लक्षात राहतो.

चाकण-भोसरीचे गणित निराळे. फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर यांना लिंक्डइनचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे आयटीआयच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ठेकेदार आणि कंपनीचे गेट चालते. अलीकडे ‘अपना’ आणि ‘वर्कइंडिया’ ही अॅप आली आहेत. ठेकेदाराच्या फेऱ्यात अडकण्यापेक्षा अप्रेंटिसशिप बरी, असे माझे मत आहे. 1961 च्या कायद्याखाली ठरलेले विद्यावेतन मिळते, हातात प्रमाणपत्र पडते, आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर थेट नोंदणी करता येते. आणि ज्यांच्याकडे तेवढाही कागद नाही ते आजही सकाळी वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर उभे असतात.

सरकारी वाट आपण उगाच विसरलो आहोत. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड काढून वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहणारी पिढी आपल्या घरातच आहे, म्हणून तो विषय निघाला की हसू येते. त्याला कारणही होते: 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले, पण तिथूनच भरती करण्याचे नाही. आता नोंदणी ‘महास्वयम्’ पोर्टलवर होते आणि त्यावरच रोजगार मेळाव्यांची माहिती येते. मेळाव्यात कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो. तीन महिने उत्तर न येणाऱ्या अर्जापेक्षा हे केव्हाही चांगले. पुण्याचे जिल्हा कार्यालय रास्ता पेठेत आहे.

वाट कोणतीही धरा, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून कमाईचे आमिष दाखवणाऱ्यांनी पुण्यात भल्याभल्या शिकलेल्यांना लाखोंना बुडवले आहे. पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.