जुन्या कबरींचे लेख टिपायला सहा मेगापिक्सेल पुरतात

कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी 1767 सालची. अशा जागेचे फोटो काढायला महागडा नवा कॅमेराच हवा, हे मला मुळीच पटत नाही. 2006 साली आलेला निकॉन डी40 घ्या. सहा मेगापिक्सेलचा हा कॅमेरा. फोटोची रुंदी सुमारे 3000 पिक्सेल. मीटरभर रुंद शिळा चौकटीत भरली, तर दोन सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला 60 पिक्सेल मिळतात. वाचायला भरपूर! झिजलेला लेख खरा उलगडतो तो तिरप्या उन्हात. किरण शिळेला घासून गेले की अगदी उथळ खाचेतही सावली धरते, आणि भर दुपारी सपाट दिसणारा दगड बोलू लागतो.

मग मोबाइल काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट नाहीच, पण तो बहुधा सावल्या आपोआप उजळतो, आणि इथे तर सावलीनेच अक्षर दिसतं. झाडांखालच्या कवडशांत जुना सेन्सर उजळ भाग पांढराफटक करतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, रॉ फाइल घ्या, आयएसओ 200 वर ट्रायपॉड लावा. परवानगी आधी विचारा. आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिळेवर खडू कधीही घासू नका, त्याने दगड खराब होतो.