फटींतील रेती

नांदगाव पेठ हें अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील गांव. तेथें काय किंवा वऱ्हाडांत अन्यत्र काय, नव्या घरांसमोर फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसविलेले असतात. आरंभीं ही गाडीवाट मोठी देखणी दिसते. परंतु दोन-तीन पावसाळे उलटले कीं फटींतील रेती नाहींशी होते, गवत उगवतें आणि चाकाखालीं गट्टू डुगडुगूं लागतात. मग दोष गट्टूंना दिला जातो.

वास्तविक ही रेती केवळ भर नव्हे. दोन गट्टूंमधील फट सुमारें २ ते ४ मिलिमीटर रुंद असते. ती गच्च भरलेली असली म्हणजे एका गट्टूवर आलेला भार कणांच्या घर्षणामुळें शेजारच्या गट्टूंवर वांटला जातो. रेती गेली कीं प्रत्येक गट्टू एकटा पडतो.

रेती जाण्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें पाणी : छपराची पन्हळ थेट गट्टूंवर पडते, किंवा नळीच्या जोरदार धारेनें अंगण धुतलें जातें. दुसरें कड : बाजूंना पक्का आधार नसेल तर गट्टू बाहेर सरकतात व फटी रुंदावतात. तिसरें खास वऱ्हाडचें, म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि वरचा सारा थर हलविते.

येथें पुष्कळ गृहस्थ फटींत पातळ कालविलेलें सिमेंट ओततात. ही चूक महागांत पडते. कडक झालेली फट जमिनीबरोबर लवत नाहीं. तिला तडे जातात, गट्टूंच्या कडा फुटतात, आणि पुढें एखादा गट्टू काढावयाचा झाल्यास तो अखंड निघत नाहीं. पॉलिमर मिसळलेली रेती पाणी शिंपडल्यावर घट्ट होते खरी. पण पाया हलत असेल तर तीही तडकते.

म्हणून आधीं पन्हळीचें पाणी दूर न्यावें व कड काँक्रीटनें बांधावी. नवें काम असल्यास काळी माती काढून मुरूम व गिट्टीचा थर नीट दाबून घ्यावा. फटींसाठीं २.३६ मिलिमीटरच्या चाळणींतून पडणारी, धुतलेली व उन्हांत वाळविलेली रेती घ्यावी. मुठींत चोळतां हाताला माती लागली तर ती रेती पहिल्याच पावसांत वाहून जाईल असें समजावें. कोरड्या दिवशीं ती खराट्यानें तिरपी झाडीत फटींत भरावी, वरून कंपनयंत्र फिरवावें, आणि बसलेल्या फटी पुन्हा भराव्या. फटी तुडुंब होईपर्यंत हा क्रम सोडूं नये.

पहिल्या वर्षीं रेती थोडी खालीं बसणारच. मृगापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां फटी पाहून त्या भरल्या, तर टोपलीभर रेतीवर काम भागतें. दुर्लक्ष केलें, तर सारी वाट उखडून पुन्हा बसवावी लागते.