ऑनलाइन खेळाच्या समुदायातील चर्चाविश्व : युद्ध, राजकारण आणि दैनंदिन जीवन ('पबजी मोबाइल'च्या विशेष संदर्भात)

सारांश :

ऑनलाइन खेळांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने व्यसन, वेळेचा अपव्यय आणि शैक्षणिक नुकसान या अंगांनी केला जातो. हा विचार आवश्यक असला तरी पुरेसा नाही. सांघिक ऑनलाइन खेळ हे युवकांच्या परस्परसंवादाचेही ठिकाण आहे. युद्धाच्या खेळात बसून युवक खऱ्या युद्धाविषयी, राजकारणाविषयी आणि स्वतःच्या जगण्याविषयी बोलतात. या संवादाचे स्वरूप, २०२० मधील बंदीने त्यात घडवून आणलेला बदल आणि दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांची त्यासंदर्भातील जबाबदारी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ऑनलाइन खेळ, तिसरे स्थान, सार्वजनिक चर्चा, गलवान, ग्रामीण युवक.

प्रस्तावना :

युद्ध आणि खेळ यांचे नाते प्राचीन आहे. बुद्धिबळाचे मूळ नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगे. राजा, वजीर, हत्ती, घोडे आणि प्यादी घेऊन दोन माणसे शतकानुशतके समोरासमोर बसत आली. सोंगट्यांच्या पटाभोवती तर सारा पार जमत असे. डाव दोघांचा किंवा चौघांचा असला, तरी बोलणे सर्वांचे असे. पाऊसपाणी, बाजारभाव, सोयरीक आणि निवडणूक हे सर्व विषय एका डावात येऊन जात. म्हणजेच खेळ हा जितका डावपेचांचा, तितकाच बोलण्याचाही असतो.

आज हा पट मोबाइलच्या पडद्यावर मांडला जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते शहरांपुरते मर्यादित राहिले नाही. मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' हा खेळ जगभर उपलब्ध झाला व अल्पावधीत भारतातील युवकांमध्ये लोकप्रिय झाला. जानेवारी २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा' या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार मांडली, तेव्हा पंतप्रधानांनी तो पबजीवाला आहे का, असे सहज विचारले आणि सभागृहात हशा पिकला. खेळाचे नाव तोवर घरोघरी पोहोचले होते, हे यावरून दिसते. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी या खेळावर बंदीचा आदेश काढून खेळणाऱ्या काही विद्यार्थ्यांना अटक केली. खेळाचे दुष्परिणाम मोजले गेले. खेळणारे आपसांत काय बोलतात, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सांघिक ऑनलाइन खेळातील संवादाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. युद्ध व राजकारण हे विषय या संवादात कोणत्या मार्गाने येतात, हे पाहणे.
३. या संवादाच्या मर्यादा आणि महाविद्यालयांची भूमिका विशद करणे.

संकल्पनात्मक चौकट :

डच इतिहासकार योहान हॉयझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाची मीमांसा केली. खेळ हा नेहमीच्या जगण्यापासून वेगळा काढलेला, स्वतःचे नियम असलेला अवकाश असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरे स्थान' ही संकल्पना मांडली. घर हे पहिले स्थान, कामाची जागा हे दुसरे; आणि जेथे माणसे हुद्दा बाजूला ठेवून केवळ बोलण्यासाठी जमतात ते तिसरे. आपल्याकडील पार, चावडी, कट्टा आणि विदर्भातील पानठेला ही अशी तिसरी स्थाने होत. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दमित्री विल्यम्स यांनी २००६ मध्ये हीच संकल्पना ऑनलाइन खेळांना लावली. असे खेळ वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना एकमेकांच्या संपर्कात आणणारी तिसरी स्थाने ठरतात, असे त्यांनी दाखवले.

येथे दोन्ही विचारांतील ताण लक्षात घ्यावा लागतो. हॉयझिंगांच्या मते खेळ जगापासून वेगळा असतो. तिसऱ्या स्थानात मात्र बाहेरचे जग बोलण्यातून सतत येत राहते. 'पबजी'सारख्या खेळात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

विषय विवेचन :

१. खेळाची रचना आणि संवादाची जागा

या खेळात शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका निर्जन भूभागावर उतरतात, शस्त्रे शोधतात आणि एकमेकांशी लढतात. सुरक्षित वर्तुळ क्रमाक्रमाने आकसत जाते व शेवटी टिकून राहतो तो विजयी होतो. चौघांचा संघ करून खेळणे ही सर्वांत रूढ पद्धत आहे. संघातील खेळाडूंना एकमेकांशी थेट बोलता येते. एका डावास साधारण अर्धा तास लागतो. मात्र प्रत्यक्ष गोळीबार त्यातील थोडाच वेळ चालतो. उरलेला वेळ डाव सुरू होण्याची वाट पाहण्यात, चालण्यात, दबा धरून बसण्यात आणि लवकर बाद झाल्यास मित्राचा खेळ बघण्यात जातो. गप्पांना जागा मिळते ती या मोकळ्या वेळात. पारावरच्या डावातही हेच घडत असे.

२. दैनंदिन जीवनाचा प्रवेश

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. भोवतालचा परिसर कापूस व सोयाबीन पिकवणारा. अशा गावात महाविद्यालय सुटल्यावर मित्रांची पांगापांग होते. कोणी एसटीने आपल्या खेड्यात जातो, कोणी शेतावर, कोणी दुकानात. रात्री तेच चौघे खेळाच्या निमित्ताने पुन्हा एकत्र येऊ शकतात. त्यांच्यातील एक पुण्याला कामासाठी गेलेला असला, तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. अशा संघात कापसाचा भाव, फवारणी, रात्रीच्या ओलितासाठी येणारी वीज, परीक्षेचे वेळापत्रक आणि घरातील आजारपण हे विषय येणे स्वाभाविक आहे. 'उजवीकडे बघ' आणि 'बाबांची तब्येत कशी आहे' ही दोन्ही वाक्ये एकाच डावात उच्चारली जातात. समोरासमोर जे बोलायला संकोच वाटतो, ते पडद्याकडे पाहत बोलणे सोपे जाते.

३. खरे युद्ध खेळात येते

१५ जून २०२० च्या रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात भारत व चीन यांच्या सैन्यांत संघर्ष होऊन कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय जवान हुतात्मा झाले. त्यानंतर २९ जून रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्या यादीत 'पबजी मोबाइल' नव्हता. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये आणखी ११८ अॅप बंद करण्यात आली, त्यांत तो होता.

या दोन आदेशांमधला काळ विशेष महत्त्वाचा आहे. टाळेबंदीने महाविद्यालये बंद होती आणि खेळ चालू होता. मूळ खेळ दक्षिण कोरियाच्या कंपनीचा. मोबाइलवरील आवृत्ती चीनच्या टेन्सेंट कंपनीने विकसित केलेली. मग हा खेळ कोणाचा? तो खेळणे देशविरोधी ठरते काय? बंदीने जवानांना न्याय मिळतो काय? खेळाडूंसमोर हे प्रश्न पाठ्यपुस्तकातून आले नव्हते. मालकी, भांडवल, सार्वभौमत्व आणि राष्ट्रनिष्ठा या राज्यशास्त्रातील संकल्पना त्यांच्या खेळाच्या भवितव्याशी जोडल्या गेल्या होत्या. जो खेळाडू वृत्तपत्र वाचत नव्हता, त्यालाही सीमेवरील घडामोडींविषयी मत बनवणे भाग पडले.

बंदीनंतर दोनच दिवसांनी 'फौजी' या भारतीय खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्याची पार्श्वभूमी गलवानचीच होती. तथापि पहिल्या आवृत्तीत तो एकट्यानेच खेळावा लागे. युद्ध होते, देशभक्ती होती, पण सवंगडी नव्हते आणि म्हणून बोलणेही नव्हते. पबजीची उणीव तो भरून काढू शकला नाही, यामागे हेही एक कारण असावे. जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने मूळ खेळ परतला. त्यात रक्ताचा रंग हिरवा केला होता आणि अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला व मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. खेळाचे असे जाणे-येणे हा युवकांसाठी शासन आणि बाजारपेठ यांच्या संबंधांचा प्रत्यक्ष पाठ ठरला.

४. युद्ध : खेळ, बातमी आणि नोकरी

दारव्हा परिसरातील युवकासाठी युद्ध हा केवळ खेळ किंवा बातमी नाही, तर ती उपजीविकेची आशाही आहे. सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणारी मुले विदर्भातील तालुक्याच्या गावांतून पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करण्याची तरतूद, हे तिचे स्वरूप. पहाटे भरतीसाठी धावणारा युवक रात्री पडद्यावर बंदूक चालवतो, तेव्हा खेळातील सैनिक मेला तर पुढच्या डावात परत येतो, हे त्याला ठाऊक असते. आणि सीमेवरचा सैनिक परत येत नाही, हेही ठाऊक असते. या दोहोंमधील अंतरावर बोलण्यासाठी त्याला दुसरी जागा क्वचितच मिळते.

हे अंतर पुसले जाण्याचा धोकाही वास्तव आहे. 'आर्मा ३' या युद्धखेळातील चित्रफिती खऱ्या युद्धाच्या म्हणून फिरवल्या जातात, असा खुलासा तिच्या निर्मात्या कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या संदर्भात करावा लागला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळीही खेळातील दृश्ये खऱ्या हल्ल्यांची म्हणून पसरवली गेली आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाने ती खोटी असल्याचे निदर्शनास आणले. येथे एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. अशी दृश्ये सर्वप्रथम ओळखू शकतो तो हे खेळ खेळणारा विद्यार्थीच. त्याचे हे ज्ञान समाजाच्या उपयोगी पडू शकते. मात्र ते उपयोगी आहे, असे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

५. जागतिक संदर्भ

आइसलँडमधील कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळात खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद २००८ पासून कंपनीपुढे खेळाडूंची बाजू मांडत आली आहे. शॉन स्मिथ हा या परिषदेचा सदस्य राहिलेला खेळाडू खेळात मुत्सद्दी म्हणून प्रसिद्ध होता. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होता आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेनगाझी येथील हल्ल्यात मारला गेला. त्याच्या खेळगड्यांनी खेळातील अवकाशस्थानकांना त्याचे नाव देऊन शोक व्यक्त केला. त्यांच्या दृष्टीने तो खेळातील नाव नव्हता, तर रोज भेटणारा माणूस होता.

६. संवादाच्या मर्यादा

या नव्या पाराचे गुणगान करून थांबता येत नाही. पहिली मर्यादा मालकीची. गावचा पार गावाचा असतो. हा पार कंपनीचा आहे आणि एका आदेशाने तो रातोरात नाहीसा होतो. दुसरी मर्यादा सहभागाची. आवाज ऐकताच खेळणारी मुलगी आहे हे कळते आणि शेरेबाजी सुरू होते. म्हणून अनेक मुली ध्वनी बंद ठेवून खेळतात. ज्या पारावर मुलींना बोलता येत नाही, तो पार अपुराच होय. जुन्या पाराचाही हाच दोष होता. तिसरी मर्यादा भाषेची. हरण्याच्या रागात जात, धर्म आणि प्रांत यांवरून शिवीगाळ होते व तिला आवर घालणारे वडीलधारे तेथे कोणी नसते. चौथी मर्यादा वेळेची. रात्रभराच्या जागरणाने दुसऱ्या दिवशीचा वर्ग बुडतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही.

महाविद्यालयांची भूमिका :

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि पैशांचे ऑनलाइन खेळ असे तीन भाग केले व तिसऱ्यास मनाई केली. कायद्याने 'सामाजिक खेळ' हा शब्द स्वीकारला असताना त्या सामाजिकतेचा अभ्यास करणे हे महाविद्यालयांचे काम ठरते. राज्यशास्त्राच्या वर्गात सार्वभौमत्व शिकवताना २०२० च्या बंदीचे उदाहरण घेता येईल. समाजशास्त्रात पार आणि खेळातील संघ यांची तुलना करता येईल. मराठीच्या वर्गात खेळाडूंच्या मिश्र बोलीची नोंद घेता येईल. वादविवाद स्पर्धेत हे विषय ठेवल्यास रात्री अर्धवट सुटलेली चर्चा दिवसा, नावानिशी आणि पुराव्यासह पुढे नेता येईल.

निष्कर्ष :

१. सांघिक ऑनलाइन खेळ हे युवकांचे तिसरे स्थान असून त्यात करमणुकीसोबत गंभीर संवादही घडतो.
२. २०२० च्या बंदीने खेळ आणि राजकारण यांतील सीमा पुसली व खेळाडूंना राष्ट्रीय प्रश्नांवर भूमिका घ्यावयास लावली.
३. ग्रामीण युवकाच्या बाबतीत युद्ध हे खेळ, बातमी आणि रोजगार अशा तिहेरी रूपात येते. त्यामुळे त्याच्या बोलण्याकडे केवळ व्यसनाच्या दृष्टीने पाहणे अन्यायाचे ठरेल.
४. हा संवाद खाजगी मालकीच्या, अस्थिर आणि मुलींना पुरेसा खुला नसलेल्या जागेत होतो. त्यास सुरक्षित व खुली जागा देणे महाविद्यालयास शक्य आहे.

विद्यार्थी बोलत नाहीत, वर्गात प्रश्न विचारत नाहीत, अशी तक्रार प्राध्यापकवर्गातून वारंवार केली जाते. वस्तुतः विद्यार्थी बोलतात. ते रात्री, पडद्यासमोर, आपल्या चौघांत बोलतात. 'मोबाइल बाजूला ठेवा' असे सांगण्यापूर्वी काल रात्री कोणत्या विषयावर वाद झाला, एवढे जरी शिक्षकाने विचारले, तरी त्या संवादाचा काही भाग वर्गात येण्यास प्रारंभ होईल.