मराठ्यांच्या यादवीवरील युरोपीय लष्करी अभिप्राय आणि खानदेश

होळकर व शिंदे यांच्यातील १८०१-०२ चा कलह ही मराठ्यांची यादवी. युरोपीय सेनाधिकाऱ्यांना मात्र तो परक्यांच्या घरातील, म्हणूनच अभ्यासास योग्य असा संग्राम वाटला. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देण्यात आल्यावर वैर विकोपास गेले. जुलैत उज्जैनीस यशवंतरावाने शिंद्यांच्या पलटणी उधळल्या. ऑक्टोबरात इंदुरास सदरलंडने त्याचा पराभव केला. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास यशवंतरावाने शिंदे-पेशव्यांची संयुक्त फौज मोडली. दोन्ही पक्षांकडे कवायती पायदळ व युरोपीय अधिकारी होते; होळकराकडील हार्डिंग तेथेच पडला. तथापि निकाल लागला तो यशवंतरावाने स्वतः चालविलेल्या घोडदळाच्या हल्ल्याने.

असईनंतर (२३ सप्टेंबर १८०३) आर्थर वेलस्लीने जो अभिप्राय नोंदविला, तो ह्या अनुभवाशी जुळणारा आहे. शिंद्यांचे पायदळ व तोफखाना यांची योग्यता त्यास मान्य होती. असईत त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जायबंदी झाली होती. तरीही युरोपीय पद्धतीच्या नादी न लागता मराठे जुन्या रीतीने केवळ घोडदळावर लढते, तर इंग्रजांस अधिक भारी पडले असते, असे त्याचे मत होते. १८०४ मध्ये होळकरापुढे झालेली मॉन्सनची दुर्दशापूर्ण माघार ह्या मतास पोषक ठरते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात लेकने फरुखाबादेस होळकराचे घोडदळच बेसावध गाठले, हेही विसरता येत नाही.

ह्या चर्चेत घोड्यांच्या दाण्यावैरणीचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. वेलस्ली स्वतः बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून धान्य विकत घेई. जुन्या रीतीच्या घोडदळाचे कोठार म्हणजे वाटेतील मुलूख. माळव्यातून दक्षिणेत उतरणारी वाट तापीकाठच्या खानदेशातून, म्हणजे आजच्या जळगाव-धुळे जिल्ह्यांतून जाते. १८०२ मध्ये होळकराच्या फौजेने हा प्रांत लुटला; दोन हंगाम जमीन पडीक राहिली आणि पाठोपाठ भीषण दुष्काळ आला. लष्करी पत्रांत ज्यास चपळाई म्हटले आहे, तिची किंमत येथील कुणब्याने दिली. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जकडे प्रांताचा कारभार आला, त्या वेळीही अनेक गावे ओसाड होती.